डाव्या डोळ्याची सकू

“अजून पिवळी कर गो,” नवसू म्हणाला. “अजून नाय आली ती.”

ती म्हणजे त्याची बायको सकुबाई. ती तर समोरच स्टुलावर पदर सारखा करून बसली होती आणि आता वैतागायला आली होती. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर दामिनीचा लहानसा फोटो स्टुडिओ. दामिनी मघापासून फोटो काढत होती आणि म्हाताऱ्याला एकही पसंत पडत नव्हता.

झालं होतं असं, की गेल्या महिन्यात नवसूच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली आणि सगळं जग धुऊन निघाल्यासारखं झालं. भिंती पांढऱ्याफटक, आभाळ निळंशार. सकुबाईचं जे लुगडं तो हिरवं म्हणत आला होता, तेही निळं निघालं. इथवर ठीक होतं. पण सकुबाईसुद्धा बदलली. चुलीच्या उजेडात बसल्यासारखी, हळदीच्या अंगाची त्याची बायको गेली आणि कुणी फिकट पाहुणी घरात वावरू लागली. डावा डोळा तेवढा अजून जुना होता. उजव्यावर हात धरला की सकू परत यायची. उद्या सकाळी त्या डोळ्याचंही ऑपरेशन होतं, आणि त्याआधी नवसूला जुन्या सकूचा फोटो हवा होता.

दामिनीने कॅमेऱ्यात रंग थोडा गडद केला, छटा पिवळ्याकडे सरकवली आणि पुन्हा बटण दाबलं. नवसूने उजवा डोळा झाकून बायकोकडे पाहिलं, मग डावा झाकून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे.

“लाल झाली. मागं घे जरा.”

तिने छटा किंचित मागे घेतली. नवसू पडद्यापुढून हलेना. मग त्याचं तोंड हसूने भरलं.

“आली बघ! हीच माझी सकू.”

दामिनीलाही बरं वाटलं. तिने तो फोटो छापला, आणि शेजारी असावा म्हणून खऱ्या रंगातला एक. दोन्ही सकुबाईच्या हातात देऊन तिने विचारलं, “आजी, कुठला आवडला?”

सकुबाईने फोटो दारातल्या उजेडात नेले. जवळ धरले, लांब धरले.

“दोनी सारखंच तर हायेत. याच्यापायी मला एवढा टाइम बसवलीत व्हय?”

नवसू तिच्याकडे बघतच राहिला. महिनाभर स्वतःच्या डोळ्यांचं कौतुक चाललं होतं, पण तिच्या डोळ्यांत डोकावायचं काही त्याला सुचलं नव्हतं. त्याने फोटो तिच्या हातातून अलगद घेतले आणि दामिनीकडे वळला.

“पोरी, हिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला का आमी परत येतो. तवा स्टुलावर मी बसेन. ही सांगेल तेवढा पिवळा कर मला.”