अरुंद कडी

कर्रकन पाना फिरला. सकाळपासून त्या स्वयंपाकघरात झालेला तो पहिला आवाज.

डेलियानं टेबलाला आवळलेल्या दाबयंत्रातली रुंद कडी काढली आणि अरुंद बसवली. शिशाच्या गोळ्या साच्यातून जरा जाडच निघतात. कडीतून दाबून काढल्या की बंदुकीच्या नळीत नीट बसतात. रुंद कडी नवऱ्याच्या, रॉयसच्या रिव्हॉल्वरसाठी. ते त्याच्या आजोबांच्या वेळचं, नळी झिजून सैल झालेली. अरुंद तिच्या स्वतःच्यासाठी.

डबाभर गोळ्या रॉयसनंच ओतल्या होत्या, नॉर्थ डकोटात तेलविहिरींवर कामाला जाण्याआधी.

त्यांची सहा वर्षांची लेक जून टेबलाशी उभी होती, हात पाठीमागे बांधून. शिशाला हात लावायचा नाही, हा घरातला नियम.

दार ढकलून ऑरिन आत आले, रॉयसचे वडील. बुटांवरचा बर्फ झटकून त्यांनी लाकडं शेगडीपाशी टाकली.

"शनिवारी नेमबाजी क्लबातल्या म्हाताऱ्यांची जिरवणार वाटतं!"

"तुमच्यापासूनच सुरुवात."

ते हसले. मग त्यांची नजर कडीवर गेली. "सगळ्या तुझ्याच मापाच्या करतेस? अर्ध्या त्याच्यासाठी ठेव ना, पोरी."

"ख्रिसमसला येणार होता तो."

"फोन आला होता त्याचा. तिकडे भाड्यानं घर घेतलंय म्हणे."

"एकट्यानं?"

ऑरिननी शेगडीचं दार उघडलं. आत चांगली धग होती, तरी त्यांनी आणखी एक ओंडका सारला.

"कॉफी घेऊन जा," ती म्हणाली.

"नको. गाडी चालूच ठेवलीय."

निघताना त्यांनी जूनच्या डोक्यावरून हात फिरवला. जरा जास्तच वेळ.

डेलियानं मेण चोळलेली एक गोळी कडीत धरली आणि दांडा ओढला. गोळी अडली. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला, तशी ती सरकन पार झाली, अंगावर चकचकीत पट्टा घेऊन. मग दुसरी. तिसरी. मान वर न करता ती दांडा ओढत राहिली. बोटं काळी झाली.

"आई, या आता बाबाच्या बंदुकीत चालतील?"

"नाही. सैल होतील."

"परत जाड करता येतात?"

"नाही गं, सोन्या."

जून डब्यावर वाकली. हात अजून पाठीमागेच.

"मग बाबा आला की त्याला काय द्यायचं?"