कॅमोमाइलचे दोन कप

"रोज दोन कप," वृंदा म्हणाली. "एक दुपारी, एक झोपताना."

डॉक्टर फिनेगनबाईंनी लिहून घेतलं. किती दिवस? तीन आठवडे. चहा कडक की हलका? कडक. वृंदा एकदाही अडखळली नाही. तिला रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. सकाळपासून आत सगळं बधिर होऊन बसलं होतं.

पडद्यापलीकडे तिच्या सासूबाई, गिरिजाबाई, पडून होत्या. वय एकाहत्तर. महिन्यापूर्वी साताऱ्याहून इथे परदेशात, वॉटरफोर्डला, लेकाकडे आलेल्या. सहा वर्षांपूर्वी हृदयात कृत्रिम झडप बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागलेली. आज सकाळी नाकातून रक्त सुरू झालं ते तासभर थांबेना. मग रक्ताची उलटी झाली. रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा तीनच्या आसपास हवा, तो नऊच्या वर गेला होता.

"गोळ्यांमध्ये काही गोंधळ?" डॉक्टरांनी विचारलं.

"गोळ्या माझा नवरा भरतो डबीत, दर रविवारी. तो डॉक्टर आहे. इथेच, हाडांच्या वॉर्डात."

"अच्छा, सिद्धांतची आई का!" डॉक्टर म्हणाल्या आणि गोळ्यांचा विषय तिथेच मिटला.

सिद्धांत ऑपरेशन थिएटरमधून तसाच धावत आला. महिनाभर ड्युट्या करून डोळे खोल गेलेले. घरी आला की सोफ्यावर बसल्या बसल्या झोपायचा. आई म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्यानं आधी आईला पाहिलं, मग कागद वाचला आणि वृंदाला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"कॅमोमाइल? आईला?"

"झोप लागत नव्हती त्यांना."

"मग मला विचारायचंस! घरात डॉक्टर काय शोभेला ठेवलाय?"

"इथे सगळेच पितात."

"पितात ना! तू-मी एखादा कप घेतला तर ग्रँड, काही बिघडत नाही. झोपेला बरं, पोटाला बरं. पण ही गोळी चालू असलेल्या माणसाला कडक दोन-दोन कप? आतल्या आत रक्तस्राव झाल्याच्या केसेस आहेत, वृंदा. झाडपाल्याचं म्हटलं की तुम्ही लोक डोळे मिटून पिणार आणि पाजणार. फूलच तर आहे, त्यानं काय होतंय! हे असं होतंय!"

जाणारी-येणारी माणसं वळून बघत होती. वृंदा भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचत उभी राहिली. सगळ्या वाचून झाल्या, तरी तो बोलतच होता.

संध्याकाळी पुण्याहून नणंदेचा, वैदेहीचा, फोन आला. "वहिनी, आईला काही झालं ना, तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही मी."

"हो," वृंदा म्हणाली.

गिरिजाबाईंना रक्त चढवलं, आकडा खाली आणायची औषधं दिली. दोन दिवस काही खरं नव्हतं. घरात सिद्धांत वृंदाशी बोलायचा तो एवढंच, दूध संपलंय, गाडीची किल्ली कुठाय. तीही तेवढंच उत्तर द्यायची. जेवण बनायचं, कुणी जेवायचं नाही, डबे फ्रीजमध्ये जायचे.

तिसऱ्या दिवशी आकडा उतरला. गिरिजाबाई उशीला टेकून बसल्या, पेज मागू लागल्या. डॉक्टर फिनेगन आल्या. मवाळपणे, पण स्पष्ट म्हणाल्या, "आजींना कुणी नकळत काही पाजत होतं का, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकावं लागेल. तसं असेल, तर मला पुढे कळवणं भाग आहे."

सिद्धांतचा चेहरा पडला. त्यानं आईचा हात धरला.

"आई, खरं सांग. वृंदा तुला तो फुलांचा चहा द्यायची, तो तुला न विचारता?"

गिरिजाबाईंनी लेकाच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच वृंदाला भीती वाटली. आता ही बाई काय बोलते, त्यावर आपलं घर राहणार की जाणार, हे तिला कळत होतं.

"न विचारता कशाला?" गिरिजाबाई म्हणाल्या. "मीच मागे लागले होते. झोप येईना, तर म्हटलं, दे बाई काहीतरी. माझं ऐकलं, एवढाच तिचा गुन्हा. तिला उगाच बोलू नकोस."

सिद्धांतनं ते डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर हसल्या, आता यापुढे चहा बंद, म्हणाल्या. सिद्धांतनं वृंदाच्या खांद्यावर हात ठेवला. "सॉरी. फार बोललो गं मी." आणि डॉक्टरांच्या मागोमाग रिपोर्ट बघायला गेला.

पावलं लांब जाईपर्यंत गिरिजाबाई थांबल्या.

"पडदा ओढ," त्या म्हणाल्या. वृंदानं ओढला.

"ती डबी रिकामी केलीस ना?"

वृंदाचे डोळे आता कुठे भरले. "त्याच सकाळी. ॲम्ब्युलन्स यायच्या आत."

"बरं केलंस. औषध एकच, पण इथली नवी गोळी आणि साताऱ्याची जुनी, दोन्ही घालून ठेवायचा रोजच्या खणात. मला दिसत होतं गं. म्हटलं, लेक डॉक्टर आहे, विचार करूनच घातल्या असतील. त्याला कळलं तर जन्मभर स्वतःला खात बसेल." त्यांनी वृंदाचा हात ओढून जवळ घेतला. "बरं, तू मला काय पाजत होतीस म्हणालीस? नाव नीट सांगून ठेव, परत कुणी विचारलं तर."