सोळावी चिठ्ठी

"काका, मला भांडायचं नाहीये. फक्त एवढं सांगा, तुम्ही चिठ्ठीवर 'नाही' का लिहिलंत?"

लवूकाका राणे पहिल्या मजल्यावरच्या आपल्या दारात उभे होते. अंगात बनियन, हातात वारा घ्यायला घडी केलेलं वर्तमानपत्र. दाराबाहेरचं लाकडी स्टूल त्यांनी पायानं वसुधाकडे सरकवलं.

"आधी बस गो."

"नको."

"मीटिंगीत मी विरोधात बोललंय, तां खरा. लिफ्ट इली तर माझ्या खिडकेचो उजेड जातलो. पण चिठयेर 'होय'च लिवलंय. भाऊरावांकडे बघून लिवलंय."

"मग मीटिंगमध्ये अर्धा तास ओरडलात कशाला?"

"बोलना येगळा, मत देना येगळा. भाऊराव ह्याच स्टुलार बसून माझी चेष्टा करीत. म्हणत, लवू, पुढच्या जन्मी तू वकील हो." लवूकाका हसायला गेले आणि मध्येच थांबले. "दोन खेपा बसत. जाताना एक, येताना एक."

वसुधा बसली नाही. तिनं विचारलं एक, ते सांगत होते भलतंच.

मुलुंड पूर्वेच्या या इमारतीत खाली दुकानं आणि वर चार मजले, सोळा बिऱ्हाडं. लिफ्टचा प्रस्ताव वसुधानंच आणला होता. ती आणि तिचे वडील भाऊराव चौथ्या मजल्यावर राहत. ती दिवसभर बँकेत, भाऊ घरी एकटे. भाऊंचं हृदय थकलं होतं. जिना दिवसातून एकदाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सर्वांची संमती असेल तरच लिफ्ट बसवायची, असं सोसायटीनं ठरवलं. कोणाला संकोच नको म्हणून घरटी एक, घरातल्या वडीलधाऱ्यानं लिहायची, अशा बिननावाच्या चिठ्ठ्या घेतल्या. शहाऐंशीच्या जानेवारीत त्या उघडल्या, तेव्हा पंधरा 'हो' आणि एक 'नाही' निघालं.

एप्रिलमध्ये भाऊ तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर कोसळले आणि तिथंच गेले.

आपलं घर सोडून पंधरा घरं. गेले दोन रविवार वसुधा एकेक दार वाजवत होती. नकार देणाऱ्याला काय वाटलं असेल, याचा तिनं मनाशी पुष्कळ विचार केला होता. अंधार येईल. आवाज होईल. रोजच्या सवयीचा जिना बदलेल. यातलं कुठलंही कारण तिनं ऐकून घेतलं असतं. न पटणारा माणूसही समजून घेता येतो, असं तिला वाटे. पण इथं तो माणूसच सापडत नव्हता. पंधरा घरं, आणि पंधराही घरांनी 'हो' म्हटलेलं.

दुसऱ्या मजल्यावर विमलाताई म्हणाल्या, "अगं, मी नाही म्हणेन? हे गुडघे बघ माझे!"

"मग कोण म्हणालं?"

"मला काय ठाऊक? ये ना आत. परवाचं शब्दकोडं तसंच पडलंय बघ. आडवे शब्द माझे, उभे भाऊंचे, अशी आमची वाटणी होती. ते दम खायला टेकायचे, तेवढ्यात होऊन जायचं."

"विमलाताई, मी काय विचारतेय?"

"ऐकलं गं मी. पण मला जे माहीत नाही ते कसं सांगू?"

तिसऱ्या मजल्यावर सोनूबाई दार उघडंच टाकून तांदूळ निवडत होत्या. वसुधा काही बोलायच्या आत त्यांनी डब्यातून एक आंतरदेशीय पत्र काढलं.

"भावाचं हाय, गावाकडनं. आठ दिस झालं. भाऊ असते तर वाचून दिलं असतं. कागदाचं उत्तर बी तेच लिवायचे, हितं उंबऱ्यावर बसून."

"मावशी, लिफ्टच्या चिठ्ठीवर तुम्ही काय केलं होतंत?"

"बरोबरची खूण केली की, बाई. भाऊंनीच दावली होती कशी काढायची ती."

वसुधानं पत्र वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज चिडका येत होता, आणि त्याचीही तिला चीड आली.

सेक्रेटरी दशरथकाका तिच्या समोरच्याच घरात राहत. ती सरळ त्यांच्याकडे गेली.

"मला चिठ्ठ्या बघायच्यात."

"गुप्त मतदान म्हणजे गुप्त, वसू."

"मग मी घर विकते. ज्याच्यामुळे भाऊ गेले, त्याला रोज जिन्यात 'कसे आहात' म्हणणं मला जमणार नाही. आणि तो कोण ते कळत नाही, म्हणून मी आता कोणालाच म्हणत नाही."

दशरथकाकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"नाव कळल्यावर म्हणशील?"

"निदान त्यांना विचारीन, असं का केलंत."

ते उठले. मग कपाटातून एक पाकीट काढून त्यांनी तिच्यासमोर धरलं, पण सोडलं नाही.

"मोजतानाच मला अक्षर कळलं होतं. त्याच दिवशी मी त्यांना गाठलं. कोणाला बोलू नका म्हणाले."

"आणि तुम्ही ऐकलंत? तीन महिने भाऊ तो जिना चढत होते, काका!"

दशरथकाकांनी पाकीट सोडलं.

तिनं चिठ्ठ्या टेबलावर एकेक करून मांडल्या. हो. हो. पेन्सिलीनं होय, तिरकं, लवूकाकांचं. बरोबरची एक मोठी वाकडी खूण. हो. हो. पंधरा झाल्या.

सोळावी शाईच्या पेनानं लिहिलेली होती. एकच शब्द: 'नाहीं'.

'ही'च्या डोक्यावर ठसठशीत अनुस्वार होता. शुद्धलेखनाच्या नव्या नियमांनी तो काढून टाकल्याला चोवीस वर्षं झाली होती. भाऊंनी कधीच न सोडलेल्या त्या एका टिंबावरून वसुधा शाळेत असल्यापासून त्यांच्याशी भांडत आली होती.