सेक्रेटरीचा पहिला नाच

"मान वर, साहेब. पाय नाय बघायचे. पाय कुठं पळून जात नाय," इंजिन-ड्रायव्हर पिंटो म्हणाला आणि त्यानं त्र्यंबकरावांच्या कमरेला हात घातला.

त्र्यंबकरावांनी अंग चोरलं. वय त्रेपन्न, बिऱ्हाड डोंबिवलीत, कल्याणच्या रेल्वे ऑफिसात हेडक्लार्क, धोतराचा सोगा कोटाच्या खिशात. त्यांच्या कमरेला आजवर करगोट्याखेरीज कुणी हात लावला नव्हता. पण इलाज नव्हता. त्या साली, म्हणजे एकावन्नमध्ये, ते रेल्वे इन्स्टिट्यूट या नोकरांच्या क्लबाचे सेक्रेटरी झाले होते, आणि तिथला रिवाज असा, की नाताळच्या नाचात पहिला वॉल्ट्झ सेक्रेटरीनं आणि त्यांच्या पत्नीनं जोडीनं नाचायचा. तोवर दुसऱ्या कुणी त्या लाकडी फळ्यांवर पाऊल ठेवायचं नाही.

"बंदच करू या ना नाच," कमिटीतले गोपीनाथ म्हणाले होते. "इंग्रज साहेब गेले, आता कशाला ही थेरं? आणि तुम्हाला कुठं येतंय?"

"येईल," त्र्यंबकराव बोलून गेले, आणि मग त्यांना घाम फुटला. रेल्वे कॉलनीत पिंटोसारखी पंधरा-वीस बिऱ्हाडं त्या एका संध्याकाळची वर्षभर वाट बघायची. आपल्या दोन पायांपायी ती बुडाली असती, तर त्यांना पिंटोला तोंड दाखवता आलं नसतं.

शिकवायला पिंटोची बायको आनंदानं तयार होती. पण परक्या बाईचा हात धरायचा म्हटल्यावर त्र्यंबकरावांना ठसकाच लागला. म्हणून पिंटो स्वतः उभा राहिला. ऑफिस सुटलं की ग्रामोफोन लावायचा, "वन, टू, थ्री" म्हणायचं. सहा फुटी पिंटो पुढं यायचा, त्र्यंबकराव मागं जायचे. दोन महिन्यांत ते इतक्या सफाईनं मागं जायला लागले, की पिंटोच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुमतीबाईंना त्यांनी शेवटच्या आठवड्यात सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"मी? नाचायचं?"

"नाचायचं असं नाही गं. मी हलेन तशी तू हल. बाकी मी बघतो."

"एकदा करून तरी दाखवा."

"इथं? भिंतीला भिंत लागून गोदूबाई राहतात. उद्या अख्ख्या डोंबिवलीत बोभाटा होईल."

सुमतीबाईंनी पोळी तव्यावर टाकली. "बरं. तुम्ही हलाल तशी हलेन. त्यात नवीन काय?"

ते खरंच होतं. दोघं बाजाराला निघाली की त्र्यंबकराव पुढं आणि सुमतीबाई चार पावलं मागं, हे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ठरलेलं. बरोबरीनं चालणं बरं दिसत नाही, असं त्र्यंबकरावांचं मत. श्रावणात रस्त्याचा राडा झाला, की त्यांनी जिथून चप्पल उचलली तिथंच त्या नेमकं पाऊल टाकायच्या. लुगड्याला चिखलाचा थेंब लागायचा नाही. त्र्यंबकरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण ते मागं वळून बघत नसत.

नाताळच्या संध्याकाळी हॉल खचाखच भरला होता. फळ्यांवर मेणबत्तीचा कीस टाकून त्या गुळगुळीत केलेल्या. गोपीनाथ मुद्दाम पहिल्या रांगेत बसले होते. बँड सुरू झाला. त्र्यंबकरावांनी मान वर केली आणि सवयीप्रमाणे हात पुढच्या खांद्यावर ठेवला. नऊवारीतल्या सुमतीबाईंना हायसं वाटलं. कमरेला हात घालतात की काय, या धास्तीनं त्यांचा जीव अर्धा झाला होता.

वन. त्र्यंबकरावांनी पाऊल मागं टाकलं.

आणि कोपऱ्यात पिंटोनं कपाळावर हात मारला. दोन महिने त्यानं साहेबाला बाईची पावलं शिकवली होती.

हॉलमध्ये कुजबुज झाली. पुढं पुरुषानं यायचं, मागं बाईनं जायचं, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत. त्र्यंबकरावांच्याही आता लक्षात आलं आणि त्यांचे कान तापले. थांबावं, माफी मागावी आणि घरी जावं, असं त्यांना वाटलं. पण सुमतीबाई पुढं येत होत्या, तेव्हा मागं जाणं भागच होतं. ते बाजूला सरकले, त्याही सरकल्या. ते वळले, त्याही वळल्या. त्र्यंबकरावांचा पाय उठला की त्या जागी सुमतीबाईंचा पाय पडत होता. एकदाही कुणी कुणाला तुडवलं नाही. दुसऱ्या फेरीला कुजबुज थांबली. तिसऱ्या फेरीला पिंटो बायकोला ओढत फळ्यांवर आला, आणि मग सगळा हॉलच उठला. गोपीनाथ टाळ्या वाजवत होते. आपण वाजवतोय हे त्यांना बहुधा कळलं नसावं.

बँड थांबला तेव्हा त्र्यंबकराव धापा टाकत होते. सुमतीबाई गालातल्या गालात हसत होत्या.

"अगं, दोन महिने घासून मी चुकीचं शिकलो. तुला न शिकता जमलं कसं?"

"तेहतीस वर्षं हेच तर करतेय," सुमतीबाई म्हणाल्या. "आज तुम्ही तोंड तेवढं माझ्याकडे केलंत."