एकोणीस क्रियापदं

"माणसाची मनधरणी करायला इंग्रजीत एकोणीस क्रियापदं आहेत, आणि सगळी माझ्या खिशात आहेत. ही बाई म्हणजे किस झाड की पत्ती!" कोशकार बायकोला म्हणाले आणि रुसून निघालेल्या टायपिस्टबाईंना गाठायला दाराकडे धावले. कोश उद्या सकाळी छापायला जायचा होता, आणि कोशकारांचं अक्षर जगात फक्त या बाईंना लागायचं.

"बाई, तुमच्यासारखी बोटं कुणाची नाहीत हो!"

बाईंनी घातलेली एक चप्पल काढली. "लोणी लावताय?"

"छे छे! लोणी लावणं म्हणजे 'बटर अप'. ते साहेबाला. तुम्हाला मी 'कोक्स' करतोय."

"म्हणजे?"

चुकीचा अर्थ सांगणं कोशकारांच्या रक्तातच नव्हतं. "चुचकारणं. अडून बसलेल्या बैलाला करतात ना, ते."

बाईंनी चप्पल पुन्हा घातली.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. "बसा हो. ह्यांच्याबरोबर आठ वर्षं काढलीत, तुमचा तर सत्कारच करायला हवा."

बाई खुदकन हसल्या आणि चक्क मशीनसमोर जाऊन बसल्या.

कोशकारांना राहवेना. "बघितलंत? हेच ते 'फ्लॅटर'! कामापुरती केलेली खोटी स्तुती. हिचं वाक्य उदाहरण म्हणून टाका, आत्ताच्या आत्ता!"

बाईंनी ते नीट टाइप केलं. मग त्या आणि कोशकारांची बायको अशा दोघी सिनेमाला गेल्या. जाताना दाराला बाहेरून कडी घातली.