कार्डावरची बायको

साखर कारखान्याच्या दवाखान्यात कामगाराच्या बायकोला औषधपाणी मिळायचं, भावजयीला नाही. म्हणून बनुबाईने तापाने फणफणलेल्या विधवा जावेला, लंकाबाईला, कुंकू लावलं, आपल्या हिरव्या बांगड्या चढवल्या. दोघींच्या कपाळी कुंकू दिसलं तर कारकून विचारील, बायको कोणती? मग तिने स्वतःचं कपाळ पुसून टाकलं. कारखान्यात कामाला असलेल्या तिच्या नवऱ्याने, गहिनीनाथने, दवाखान्याचं कार्ड खिशात घातलं.

कारकुनाने आधी कार्ड पाहिलं, मग कपाळ.

"बनुबाई गहिनीनाथ?"

लंकाबाईने मान हलवली.

"आणि या कोण?"

"जाऊ हाय मी तिची," बनुबाई म्हणाली. "इधवा."

चौथ्या दिवशी लंकाबाई गेली. सवाष्ण गेली म्हणून वॉर्डातल्या बायकांनी तिचा मळवट भरला, ओटी भरली. बनुबाईला कुणी पुढे बोलावलं नाही. ती भिंतीशी उभी राहून बघत होती.

कारकुनाने कार्डावरचं बनुबाईचं नाव तांबड्या शाईने खोडलं आणि तिच्यादेखतच गहिनीनाथला म्हणाला, "अजून वय हाय तुमचं. दुसरी केली की कार्ड घेऊन या, तिचं नाव चढवून देतो."