पाचवं मत

एफीने ओटकेक आणि चीज पुढे ठेवलं, पण मर्डॉक गिलफिलनला घास उतरेना. गावासाठी सोसल्याबद्दल उद्या नगरसभा त्याला चांदीचा पेला देणार होती.

नव्या कायद्याने जुना मतदारसंघ मोडला होता. त्यात पाच गावांचा मिळून एक खासदार असायचा. प्रत्येक गावाची नगरसभा एक प्रतिनिधी पाठवायची, पाच जणांची पाच मतं. शेवटच्या खेपेला इन्व्हरस्केल गावाने मर्डॉकला निवडलं. साधा खोगीर शिवणारा माणूस, दुकानही जमीनदाराच्या जागेत. पण शब्दाचा पक्का. गावाचा उमेदवार निवडून आला असता तर बंदराला लाटा अडवणारा बांध मिळणार होता.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी मर्डॉकच्या डोक्यावर पोतं टाकून त्याला पळवलं आणि मासे खारवायच्या खोपटात बांधून ठेवलं. प्रतिनिधींची सभा भरणार होती ते गाव तिथून दोन मैलांवर. उरलेली मतं दोन-दोन पडली, सभा भरवणाऱ्या गावाने बरोबरी फोडायचं आपलं जादा मत विरोधात उभ्या असलेल्या जमीनदाराच्या भाच्याला दिलं आणि बांध राहून गेला. त्याच हिवाळ्यात बंदराच्या तोंडाशी एफीचा नवरा नील होडीसकट बुडाला.

तेव्हापासून मर्डॉकला तिच्यासमोर मान वर करवत नसे. आपणच नीलला मारलं असं त्याला वाटे.

"पेल्याचं ऐकून मला लाज वाटते, एफी."

"का? हात बांधलेले होते ना तुमचे?" तिने खुंटीवरचा दोर काढला. "कसे बांधले होते, दाखवा तरी. उद्या भाषणात सांगालच की."

त्याने कसनुसं हसत हात पुढे केले. तिने गाठ आवळली.

"अशीच घट्ट होती. रात्रभर ओढत होतो," तो म्हणाला.

"नीलनेच बांधलं होतं तुम्हाला. याच गाठीने."

मर्डॉकने पहिल्यांदाच मान वर केली.

"हे घरही जमीनदाराचंच. त्याने सांगितल्यावर नील नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? पण घरी आला तो हसतच. म्हणाला, दार नुसतं लोटलंय, गाठ शेपूट ओढलं की सुटणारी. पट्टे ओवण्यात जन्म गेलाय त्याचा, आम्ही वळणावर पोचायच्या आत सुटेल. सकाळी तुम्ही सभेला गेला नाहीत. का, ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही."

"पोतं होतं ना डोक्यावर," मर्डॉक घाईघाईने म्हणाला. "कसली गाठ आहे, मला काय कळणार?"

त्याने उजव्या हाताने कपाळावरचा घाम पुसला. दोर कधीच सुटून त्याच्या पायाशी पडला होता.